भोकावरून संशय घ्या, नाव मात्र पायांवरून ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीजवळच्या एका खाडीच्या तोंडाशी ओहोटीला जो चिखल उघडा पडतो, त्यात करंगळी जाईल एवढी भोकं आहेत आणि शेजारी मातीचे छोटे ढीग आहेत. फावड्याने दीड-दोन फूट खणलं, तर खड्ड्यात पाणी भरलं, भोक बुजलं आणि हाती काहीच लागलं नाही. एकदा मात्र फिकट गुलाबी, मऊ अंगाचा, एक नांगी मोठी असलेला प्राणी मिळाला. त्याचा मोबाईलवर काढलेला एक फोटो आहे. हा घोस्ट श्रिंप, म्हणजे गाळात बीळ करून राहणारा कोळंबीसारखा मऊ प्राणी, का? असल्यास जात कोणती? आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पात ‘कॅलियानासा’ हे वंशाचं नाव लिहून टाकलं तर चालेल का?

यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत: हे बीळ कोणाचं, हा प्राणी कोणत्या गटातला, आणि त्याची जात कोणती. पहिल्याचं उत्तर चिखलात उभं राहून अंदाजाने देता येतं. दुसऱ्याचं उत्तर, प्राणी हातात असेल तर, साध्या भिंगाने आणि बऱ्यापैकी खात्रीने देता येतं. तिसऱ्याचं उत्तर किनाऱ्यावरच ठोकून देणारा कोणी भेटला, तर त्याचं ऐकून घ्या आणि वहीत काही लिहू नका.

तुमच्या वर्णनावरून घोस्ट श्रिंपचीच शक्यता जास्त वाटते. तरीही ‘फिकट आणि एक नांगी मोठी’ एवढ्यावर मी सही करणार नाही. त्याच चिखलात एक नांगी मोठी असलेली दुसरी कोळंबीही बिळं करून राहते, तिच्याबद्दल पुढे लिहितो. आणखी एक सावधगिरी: ‘घोस्ट श्रिंप’ असं इंटरनेटवर शोधलं की मत्स्यालयातल्या काचेसारख्या पारदर्शक कोळंबीचे फोटो समोर येतात. तिचा आपल्या प्राण्याशी काही संबंध नाही. त्या फोटोंशी तुलना करत बसू नका.

आधी जागा. घोस्ट श्रिंपला असा गाळ लागतो जो उकरता येईल आणि उकरल्यावर ढासळणारही नाही. म्हणून खाडीच्या तोंडाशी, वाळू आणि चिखल मिसळलेल्या सपाट भागात, जिथे पाय घोट्यापर्यंत रुततो पण गुडघ्यापर्यंत जात नाही, तिथे मी पहिल्यांदा बघतो. आत खाजणाकडे, तिवरांच्या मुळांशी जसजसे जाल तसतसा चिखल पातळ होतो आणि भोकांचे मालकही बदलतात. तिथे निवटे आणि खेकडे जास्त. हा नियम काटेकोर नाही. काही घोस्ट श्रिंप निव्वळ चिखलातही राहतात, काही स्वच्छ वाळूत. पण वेळ कमी असेल तर सुरुवात मिश्र गाळापासून करावी.

वेळ उधाणाची घ्यावी, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची. कोकणातला जुना हिशोब तुम्हाला माहीत असेलच: तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. या हिशोबाने उधाणाच्या दिवसांत पाणी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे सर्वांत खाली असतं. ठिकाणानुसार वेळ सरकते, म्हणून तक्ता बघावाच. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 4 ते 5 मीटरपर्यंत जातो, गोव्याकडे तो साधारण 2 मीटरवर येतो. त्यामुळे मुंबईकडच्या कोणी सांगितलेलं ‘पाणी खूप आत जातं’ हे रत्नागिरीला तसंच्या तसं लागू होणार नाही. पाणी उतरायला लागल्यावर लगेच पोचावं, कारण ढीग ताजे असताना वाचता येतात. भर पावसाळ्यात जाण्यात अर्थ नाही. पुराचा गाळ आणि पावसाचा मारा यांत ढीग टिकत नाहीत.

आता भोकं. घोस्ट श्रिंप बहुतेक करून गाळ खाऊन जगतो. बीळ खणत राहणं आणि खाणं ही त्याची दोन वेगळी कामं नाहीत. खालचा गाळ वर आणून टाकला जातो, त्यामुळे पृष्ठभागावर शंकूच्या आकाराचा ढीग तयार होतो आणि त्याच्या टोकाशी बारीक तोंड असतं. हा ताजा ढीग आजूबाजूच्या चिखलापेक्षा काळपट दिसतो, कारण तो प्राणवायू न पोचणाऱ्या थरातून आलेला असतो. कुजक्या अंड्याचा वासही येतो. थोडा वेळ हलू नका आणि बघत राहा. उथळ पाणी असेल तर त्या टोकातून गढूळ पाण्याची पिचकारी उडताना दिसते. ढिगापासून थोड्या अंतरावर ढीग नसलेला, नुसता खोलगट खळगा किंवा साधं भोक असतं. ते बहुधा त्याच बिळाचं दुसरं तोंड असतं. ढीग आणि खळगा अशी जोडी दिसली की माझा संशय बराच पक्का होतो. म्हणूनच भोकं मोजून ‘इतके प्राणी’ असं लिहू नका. एका प्राण्याला किती तोंडं, हे जातीवर, गाळावर आणि ऋतूवर अवलंबून असतं. तो आकडा त्या जागी प्राणी पकडूनच ठरवावा लागतो.

इतरांच्या खुणा वेगळ्या. फिडलर खेकड्याचं भोक स्वच्छ, गोल असतं आणि भोवती चिखलाच्या गोळ्या पसरलेल्या असतात. निवट्याचं भोक पातळ चिखलात, पाण्याने भरलेलं. गुंडाळलेल्या शेवयांसारखा मातीचा ढीग दिसला तर तो लगवर्म किंवा बॅलॅनोग्लॉसस या गाळात राहणाऱ्या, किड्यासारख्या लांबट प्राण्यांचा. यातल्या दुसऱ्याच्या ढिगाला आयोडीनसारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. हातभर उंच ढिगारे मड लॉब्स्टरचे, म्हणजे थॅलासिनाचे असतात. ते सुंदरबन-अंदमानकडच्या कांदळवनांत बघायला मिळतात, तुमच्या वर्णनाशी ते जुळत नाहीत.

सर्वांत फसवं बीळ मड श्रिंपचं, म्हणजे उपोजेबियाचं. तो गाळ खात नाही. बिळातून पाणी खेळवतो आणि त्यातले कण गाळून खातो. त्याला रोज माती उपसायची नसते, त्यामुळे त्याच्या तोंडाशी मोठा ढीग नसतो. बीळ इंग्रजी यू किंवा वाय अक्षरासारखं असतं आणि भिंत आतून गुळगुळीत, घट्ट लिंपलेली असते. चिखलाचं ढेकूळ हलक्या हाताने फोडलं तर त्या भिंतीचा तुकडा नळीसारखा सुटा निघतो. घोस्ट श्रिंपच्या बिळाच्या भिंतीला इतकं जाड अस्तर बहुधा नसतं. काळ्या चिखलात तपकिरी कडं मात्र दोघांच्याही बिळाभोवती दिसतं, कारण बिळातल्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो. त्या कड्यावरून बीळ वापरातलं आहे एवढंच कळतं, मालक कळत नाही.

इथवर सगळा संशयच. प्राणी मिळवायचा तर फावडं बाजूला ठेवा. खणताना जमीन हादरते, प्राणी खाली सरकतो, आणि बीळ अर्धा मीटर किंवा त्याहून खोल, शिवाय फाटे फुटलेलं असेल तर तुम्ही कधीच पोचत नाही. त्यासाठी हातपंप वापरतात. ऑस्ट्रेलियात गळाला लावायच्या आमिषासाठी हे प्राणी पकडतात, तिथे हा पंप मासेमारीच्या दुकानात मिळतो. आपल्याकडे करून घ्यावा लागतो: साधारण 50 मिमी व्यासाचा, पाऊण ते एक मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप, आत रबरी वायसर बसवलेला दांडा आणि वर आडवी मूठ. सायकलच्या पंपाचं काम उलट दिशेने. भोकावर पाइप टेकवायचा, दाबत असतानाच दांडा वर ओढायचा, आलेला गाळ 1-2 मिमी जाळीच्या चाळणीत सोडायचा. त्याच भोकावर चार-पाच वेळा ओढल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नये. पहिल्या ओढीला बहुधा नुसता गाळ येतो.

प्राणी घाबरला की नांगी टाकून देतो. चाळणीत सुटी नांगी दिसली तर ती त्याच प्राण्याच्या पिशवीत गेली पाहिजे. दोन भोकांचा माल एका डब्यात टाकला आणि दोन नांग्या सुट्या निघाल्या, तर पुढे प्रयोगशाळेत कुठलं कोणाचं हे ठरवताना डोकं धरून बसाल.

आता पांढऱ्या ट्रेमध्ये थोडं खाडीचं पाणी घेऊन त्यात प्राणी ठेवा आणि भिंग घ्या. रंगाकडे बघायचा मोह आवरा. घोस्ट श्रिंपचं कवच पातळ असतं आणि आतली यकृतग्रंथी, मादीत अंडाशय, आरपार दिसतात. म्हणून तोच प्राणी कधी पिवळट, कधी गुलाबी, कधी नारिंगी वाटतो.

माझा क्रम ठरलेला आहे. पहिल्यांदा नांग्यांची जोडी, म्हणजे पायांची पहिली जोडी. घोस्ट श्रिंपमध्ये त्या ठळकपणे असमान असतात. मोठी नांगी चपटी, कठीण आणि बाकी अंगाच्या मानाने थोराड दिसते. ती उजवी असेल किंवा डावी, त्याने काही ठरत नाही. उपोजेबियात दोन्ही नांग्या जवळजवळ सारख्या असतात आणि चिमटा पुरता होत नाही: हलणारं बोट लांब, समोरचं नुसतं काट्याएवढं. पण इथे एक ‘पण’ आहे. लहान वयाच्या आणि पुष्कळदा मादी घोस्ट श्रिंपमध्ये हा फरक तितका उठून दिसत नाही, आणि तुटून पुन्हा वाढत असलेली नांगी छोटीच असते.

म्हणून दुसरी जोडी बघायची, आणि माझ्या मते सगळ्या ओळखीचा कणा हीच आहे. दुसऱ्या जोडीच्या पायाच्या टोकाला छोटा पण पूर्ण चिमटा असेल, दोन बोटं एकमेकांना भिडत असतील, तर प्राणी अ‍ॅक्सिडिया गटातला, म्हणजे घोस्ट श्रिंपच्या बाजूचा. टोक साधं असेल किंवा चिमटा अर्धवट असेल, तर गेबिडिया, म्हणजे मड श्रिंपची बाजू. पूर्वी हे सगळे ‘थॅलासिनिडिया’ या एकाच नावाखाली होते. 1979 मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ द सेंट लॉरेंट यांनी ते दोन गटांत वेगळे केले, आणि 2009 मध्ये डीएनएवर आधारलेल्या अभ्यासाने ही फारकत बरोबर असल्याचं दाखवलं. दोघे दिसायला सारखे आहेत ते बिळातल्या जगण्यामुळे, जवळच्या नात्यामुळे नाही.

मग डोकं. घोस्ट श्रिंपच्या डोळ्यांचे देठ चपटे, पुढे आलेले, एकमेकांना चिकटून असतात. वरून बघितलं की डोळे ठिपक्यांएवढे दिसतात आणि कपाळावरचा काटा, म्हणजे रोस्ट्रम, जवळजवळ नसतोच. उपोजेबियाचं कपाळ पुढे आलेलं, बारीक दातांचं आणि केसाळ असतं. हे नुसत्या डोळ्यांनीही कळतं. तिसरी जोडी घोस्ट श्रिंपमध्ये शेवटच्या भागात पसरट असते, तिने तो बिळाची भिंत थोपटतो. पोटाखालच्या मागच्या तीन जोड्यांतली पोहण-पानं, म्हणजे पोहण्याचे पानासारखे पाय, रुंद असतात, ती हलवून बिळात पाणी खेळवतो.

आता सुरुवातीला म्हटलेली दुसरी कोळंबी. ती अल्फियस, म्हणजे नांगीने टक्कन आवाज काढणारी स्नॅपिंग श्रिंप. नांग्या असमान, बीळ चिखलात, आणि दुसऱ्या जोडीला चिमटाही असतो. म्हणजे वरच्या दोन कसोट्यांतून ती सुटून जाते. तिला पकडायचं डोळ्यांवर आणि मनगटावर. अल्फियसचे डोळे कवचाच्या टोपीखाली झाकलेले असतात. दुसऱ्या जोडीच्या पायात चिमट्यामागचा भाग बारीक बारीक सांध्यांत विभागलेला असतो. शिवाय अंग घट्ट आणि रंगीत असतं, बोटात धरल्यावर घोस्ट श्रिंपसारखं लिबलिबीत लागत नाही. तुमच्या फोटोत डोळे दिसत असतील तर फोटो मोठा करून आधी तेच बघा. निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

हा वेगळेपणा फक्त परीक्षेपुरता नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात विलापा नावाचं आखात आहे, तिथे कालवांची शेती होते. त्या गाळात निओट्रिपिया कॅलिफोर्निएन्सिस हा घोस्ट श्रिंप आणि उपोजेबिया पुजेटेन्सिस हा मड श्रिंप असे दोघेही राहतात. गाळ भुसभुशीत होऊन कालवं रुतून मरतात म्हणून तिथे 1963 पासून सुमारे पन्नास वर्षं कार्बरिल हे कीटकनाशक फवारलं गेलं. पण दोघांचं जगणं वेगळं: एक गाळ उलथतो, दुसरा पाणी गाळतो. पुढे उपोजेबियावर ऑर्थिओन ग्रिफेनिस हा बाहेरून आलेला परजीवी आयसोपॉड (कोळंबीच्याच दूरच्या नात्यातला छोटा कवचधारी) पसरला आणि कित्येक खाड्यांत उपोजेबियाची संख्या कोसळली. दोघांना ‘चिखलातली कोळंबी’ म्हणून एकत्र मोजलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं. आपल्याकडेही प्राणी बघताना कवचाची एक बाजू फुगलेली दिसली तर आत असाच आयसोपॉड असू शकतो. फोटो घ्या, नोंद करा, उचकटू नका.

जातीकडे येऊ. त्यासाठी लागतो पूर्ण वाढलेला प्राणी, शक्यतो नर, दोन्ही नांग्यांसकट. लिंग ओळखायला जननछिद्र बघतात: मादीत ते तिसऱ्या जोडीच्या पायाच्या मुळाशी, नरात पाचव्या. मग मोठ्या नांगीच्या मधल्या खंडावर आकडीसारखा वळलेला काटा आहे का, मनगट आणि पंजा यांच्या लांबीचं प्रमाण काय, दोन बोटांच्या मधली खाच कशी आहे, तोंडाशी झाकणासारखे दिसणारे तिसरे मॅक्सिलिपेड किती रुंद आहेत, शेपटीचा मधला तुकडा रुंद की लांब, आणि दोन्ही स्पर्शिकांच्या देठांत लांब कोणता, हे मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. वरून मोबाईलवर काढलेल्या एका फोटोत यातलं बहुतेक काही येत नाही. फोटोवरून जात सांगता येईल का, याचं माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

आणि ‘कॅलियानासा’? ते लिहू नका. एके काळी हे नाव जगभरच्या शेकडो जातींना लावलं जात होतं. जीवाश्मांत तर फारच, कारण मऊ अंग कुजून जातं आणि कठीण नांगी तेवढी दगडात उरते. नांगी सापडली की कॅलियानासा, असा सरधोपट प्रकार होता. 2019 मध्ये पूअर, ड्वॉर्शाक या अभ्यासकांनी आणि सहकाऱ्यांनी या कुळाची नव्याने मांडणी केली. कॅलिकिरिडी हे कुळ वेगळं झालं, कित्येक जातींचे वंश बदलले आणि कॅलियानासा हे नाव थोड्याच जातींपुरतं उरलं. कॅलिफोर्नियाचा वर सांगितलेला निओट्रिपिया मुळात कॅलियानासा म्हणूनच नोंदला गेला होता. दक्षिण आफ्रिकेचा कॅलियानासा क्राउसी आज क्राउसिलिकिरस क्राउसी आहे. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या यादीत ‘कॅलियानासा’ दिसलं, तर ते तसंच उतरवू नका. त्या जातीचं आजचं मान्य नाव आधी शोधा.

नमुना ठेवायचा असेल तर आधी जिवंतपणी रंगाचे फोटो घ्या: वरून, बाजूने, आणि पहिल्या-दुसऱ्या जोडीचे जवळून, शेजारी पट्टी ठेवून. मग थंड पाण्यात सुस्त करून 95 टक्के इथेनॉलमध्ये टाका. फॉर्मॅलिनने आकार छान टिकतो, पण डीएनएची वाट लागते, आणि या गटात जात ओळखायला वापरतात ते सीओआय किंवा 16एस जनुक वाचून घेण्याची गरज आज ना उद्या पडतेच. एका जागेचे दोन-तीन प्राणी पुरेत, बाकीचे भोकाजवळ सोडून द्या. कांदळवनाच्या हद्दीत वनखात्याची, म्हणजे कांदळवन कक्षाची, परवानगी आधी काढा. चिखलात एकटे जाऊ नका, आणि अनवाणी तर नाहीच. कालवाच्या कडेने कापलेला पाय बरा व्हायला वेळ लागतो.

तुमच्याकडे आत्ता फक्त तो फोटो असेल, तर डोळे झाकलेले नाहीत एवढं तपासून प्रकल्पात ‘अ‍ॅक्सिडिया, बहुधा घोस्ट श्रिंप, जात अनिश्चित, फोटोवरून’ असं लिहा. परीक्षकाने भुवया उंचावल्या तर वरची कारणं सांगा. पुढच्या उधाणाला पंपाने नांग्यांसकट नर मिळाला, तर तो पुण्यात आकुर्डीला असलेल्या झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागीय केंद्राशी आधी पत्रव्यवहार करून तिकडे न्या. लेबल पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका, कारण बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये उतरते. त्यावर जागा, तारीख, ओहोटीची वेळ, गाळाचा प्रकार आणि भोकाचं वर्णन हवं. ढीग होता की खळगा, हेसुद्धा.